अमेरिकेतील जुन्या कलात्मक टाइल्स : ओळख आणि जतन

जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील अल्टाडेना परिसरात लागलेल्या ईटन वणव्यात नऊ हजारांहून अधिक इमारती भस्मसात झाल्या. लाकडी घरे जळून गेली. मात्र अनेक ठिकाणी विटांची धुरांडी आणि त्यांच्या पायथ्याच्या शेकोट्या, अर्थात फायरप्लेस, उभ्या राहिल्या. यांपैकी काहींवर सुमारे शंभर वर्षांपूर्वीच्या हस्तनिर्मित टाइल्स बसविलेल्या होत्या. मुळातच भट्टीच्या तीव्र उष्णतेत भाजलेल्या असल्याने त्या या आगीतही टिकल्या. ढिगारे हटविणारी यंत्रे पोहोचण्यापूर्वी स्थानिक स्वयंसेवक आणि गवंडी पुढे आले आणि घरमालकांच्या संमतीने त्यांनी या टाइल्स काळजीपूर्वक सोडविल्या.

यांतील अनेक टाइल्स अर्नेस्ट बॅचेल्डर या कारागिराच्या कारखान्यातील होत्या. जुन्या अमेरिकी टाइल्स आणि कलात्मक मृत्पात्रे यांना आज संग्राहकांमध्ये मोठी मागणी आहे. तथापि, एखादी वस्तू कोणी, कोठे आणि केव्हा घडविली हे ठरविणे हे स्वतंत्र शास्त्रच आहे.

कारखान्यांचा उदय

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सजावटीच्या टाइल्ससाठी अमेरिका इंग्लंडवर अवलंबून होती. वॉशिंग्टन येथील संसद भवनाच्या विस्तारित भागातील फरशीही इंग्लंडमधील मिंटन कंपनीची आहे. याच कंपनीच्या टाइल्स मुंबईतील ब्रिटिशकालीन इमारतींतही पाहावयास मिळतात.

१८७६ मध्ये फिलाडेल्फिया येथे भरलेल्या शतसांवत्सरिक प्रदर्शनाने हे चित्र पालटले. तेथे मांडलेल्या युरोपीय आणि जपानी मृत्तिकाकामापासून अनेक अमेरिकी कलावंतांनी स्फूर्ती घेतली. बोस्टनजवळील चेल्सी येथील लो कंपनीच्या टाइल्सनी १८८० मध्ये इंग्लंडमधील क्रू येथील प्रदर्शनात सुवर्णपदक मिळविले. त्याच वर्षी मरिया लाँगवर्थ निकल्स यांनी सिनसिनाटी येथे रूकवुड पॉटरीची स्थापना केली. १८९४ मध्ये विल्यम ग्रूबी यांनी बोस्टनमध्ये कारखाना काढला. चकाकी नसलेली, काकडीच्या सालीसारखी गडद हिरवी झिलई हे त्यांचे वैशिष्ट्य ठरले. न्यू ऑर्लिन्समधील न्यूकम या महिला महाविद्यालयाने विद्यार्थिनींना अर्थार्जनाचे साधन मिळावे म्हणून १८९५ च्या सुमारास मृत्पात्रांचा उपक्रम सुरू केला. यंत्राने काढलेल्या एकसारख्या मालापेक्षा हाताने घडविलेली वस्तू श्रेष्ठ, ही त्या काळातील कला-कारागिरी चळवळीची धारणा या प्रयत्नांमागे होती.

तळाची भाषा

मृत्पात्र ओळखताना जाणकार प्रथम ते उलटे करून पाहतात. रूकवुडचा तळ तर जणू दिनदर्शिकाच असतो. १८८६ पासून या कारखान्याने आर आणि पी ही अक्षरे जोडून केलेले चिन्ह वापरले. त्यानंतर दरवर्षी चिन्हाभोवती एक ज्योत वाढविण्यात आली. १९०० साली ज्योतींची संख्या चौदा झाली. १९०१ पासून चिन्हाखाली वर्ष दर्शविणारे रोमन अंक येऊ लागले. म्हणजेच नऊ ज्योती असलेले पात्र १८९५ चे, तर चौदा ज्योती आणि खाली रोमन बारा असलेले पात्र १९१२ चे होय. याशिवाय आकाराचा क्रमांक आणि चित्रकाराची आद्याक्षरेही आढळतात. तळावर घासून कोरलेली फुली दिसल्यास कारखान्यानेच ती वस्तू दुय्यम दर्जाची ठरविली होती, असे समजावे.

न्यूकमच्या पात्रांवर सी या अक्षराच्या पोटात एन हे अक्षर असते. त्याबरोबर नोंदणी क्रमांक आणि रंगकाम करणाऱ्या स्त्रीची खूणही असते. कोलोरॅडो येथील व्हॅन ब्रिगल कारखान्याचे चिन्ह म्हणजे एकमेकांस जोडलेली दोन ए अक्षरे. संस्थापक आर्टस आणि त्यांची पत्नी ॲन यांची ती आद्याक्षरे आहेत.

पाठ दिसत नाही तेव्हा

टाइलच्या बाबतीत मात्र अडचण येते. तिची खूण पाठीवर असते आणि पाठ चुन्या-सिमेंटात रुतलेली असते. अशा वेळी दर्शनी बाजूवरूनच अनुमान करावे लागते.

बॅचेल्डर यांनी १९१० च्या सुमारास पासाडेना येथील आपल्या घरामागे भट्टी सुरू केली. पुढे १९२० मध्ये कारखाना लॉस एंजेलिसला गेला आणि आर्थिक महामंदीच्या काळात, १९३२ मध्ये, बंद पडला. त्यामुळे पाठीवर नावापुढे पासाडेना असल्यास टाइल सामान्यतः आधीची आणि लॉस एंजेलिस असल्यास नंतरची ठरते. पाठ दिसत नसल्यास तंत्राकडे पाहावे लागते. ओली माती साच्यात दाबून उठावाची नक्षी उमटविली जाई. तीवर पातळ रंगीत मातीचा लेप देऊन तो पुसला जाई. उंच भागावर मातीचा तपकिरी रंग उरे आणि खोलगट भागात निळसर छटा राही. मोर, द्राक्षवेली आणि ओक वृक्षांची निसर्गदृश्ये हे त्यांचे आवडते विषय होते.

परंतु एवढ्यावर निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. क्लेक्राफ्ट, म्युरेस्क यांसारखे कॅलिफोर्नियातील अन्य कारखानेही मिळत्याजुळत्या टाइल्स बनवीत. म्हणूनच कारखान्यांच्या जुन्या विक्रीपत्रकांशी नक्षी आणि मापे ताडून पाहिल्याखेरीज अभ्यासक कोणतेही नाव देत नाहीत.

नक्कल आणि फेरनिर्मिती

१९७२ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहालयाने या चळवळीवर मोठे प्रदर्शन भरविले आणि विस्मरणात गेलेल्या या वस्तूंकडे संग्राहकांचे लक्ष वळले. मागणीपाठोपाठ बनावट मालही आला. १९९० च्या दशकात ओहायोतील रोझव्हिल कारखान्याच्या पात्रांच्या चीनमध्ये बनविलेल्या नकला बाजारात आल्या. मूळ कारखाना १९५४ मध्येच बंद झाला होता. त्याच्या अखेरच्या काळातील पात्रांवर नावासोबत यू.एस.ए. ही अक्षरे उठावात असत. सुरुवातीच्या अनेक नकलांत ती नव्हती. खूण साच्यातून सहज उचलता येते. म्हणून वजन, नक्षीचा रेखीवपणा आणि झिलईची खोली पारखणे आवश्यक असते. झिलईवरील केसासारख्या बारीक भेगा हा मात्र जुनेपणाचा भरवशाचा पुरावा नव्हे. त्या नव्या वस्तूवरही पडू शकतात.

फेरनिर्मिती म्हणजे फसवणूकच, असेही नाही. पेनसिल्व्हेनियात हेन्री मर्सर यांनी १९१२ मध्ये उभारलेल्या मोरेव्हियन कारखान्यात त्यांच्या मूळ नमुन्यांवरून आजही टाइल्स तयार होतात. मात्र नव्या टाइलवर निर्मितीचे वर्ष उमटविलेले असते.

स्थानाचे महत्त्व

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे अॅस्टर प्लेस स्थानक १९०४ मध्ये सुरू झाले. तेथील भिंतींवर ग्रूबी कंपनीने घडविलेले, झाड कुरतडणारे बीव्हर दिसतात. ज्यांच्या नावावरून हे स्थानक ओळखले जाते, त्या जॉन जेकब अॅस्टर यांनी बीव्हरच्या कातड्यांच्या व्यापारातून आपल्या संपत्तीचा पाया घातला होता. हीच टाइल भिंतीवरून काढून काचेच्या कपाटात ठेवली, तर ती केवळ एका प्राण्याचे चित्र उरेल.

यामुळेच शाबूत इमारतीतून टाइल्स उपटून विकण्यास जाणकारांचा विरोध असतो. इमारत वाचविणे अशक्य असेल तर काढण्यापूर्वी संपूर्ण मांडणीचे छायाचित्र घेणे, प्रत्येक टाइलला क्रमांक देणे आणि पत्त्याची नोंद ठेवणे अत्यावश्यक मानले जाते. साफसफाईसाठी तीव्र आम्ल वापरल्यास मूळ रंगलेप कायमचा नष्ट होऊ शकतो.

पाठीवरील खूण टाइलचा निर्माता सांगते. ती कोणत्या घराची होती, हे मात्र नोंदीवाचून कळत नाही. अल्टाडेनातील ज्या कुटुंबांचे सर्वस्व जळाले, त्यांच्यासाठी या टाइल्सचे मोल बाजारभावात मोजण्याजोगे नाही. नव्या घरातील शेकोटीवर त्या पुन्हा बसविता आल्या, तर जुन्या घराचा एक भाग त्यांच्यासोबत राहणार आहे.