आजोबांचं नाव नातवाला!

वंशावळ शोधताय? आधी घरातली नावं एकाखाली एक लिहून काढा. आपल्याकडे दिवंगत आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत होती, त्यामुळे एक पिढी सोडून तेच नाव परत भेटतं.

पेशव्यांचंच बघा. बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव, त्याचा मुलगा पुन्हा बाळाजी, म्हणजे नानासाहेब. नानासाहेबांच्या भावानं, राघोबादादांनी, मुलाला आपल्या वडिलांचं नाव दिलं, तो दुसरा बाजीराव. भोसल्यांकडे तर शिवाजी महाराजांच्या नातवांपैकी दोघांचं नाव शिवाजी! संभाजीराजांचा मुलगा पुढे शाहू म्हणून ओळखला गेला, राजारामांचा मुलगा कोल्हापूरचा शिवाजी. म्हणून नुसत्या नावावर भरवसा नको, मधलं वडिलांचं नाव जुळतंय का ते बघायचं.

आणखी एक गोची. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, मग त्याच नावाच्या मुलाला हाक कशी मारणार? त्यातून नाना, बापू, तात्या आले. कागदावर एक, घरात दुसरंच.

बायकांचा माग काढणं सगळ्यात अवघड, कारण लग्नात नावच बदलायचं. तेव्हा घरातल्या आजीला आजच विचारा: माहेरचं नाव काय, आणि तिच्या आईचं?