काटा वर जाण्याआधी

राष्ट्रीय महामार्ग ५२ जयपूर सोडला की टोंक, कोटा, इंदूर करत बिजासन घाटाने महाराष्ट्रात उतरतो आणि धुळे, छत्रपती संभाजीनगर, सोलापूरमार्गे कर्नाटकात जातो. आपल्याकडचा कांदा याच रस्त्याने जयपूरच्या मुहाना मंडीत पोचतो. गाडी रिकामी झाली की परतीचं भाडं मिळेपर्यंत ड्रायव्हरला सवड असते, आणि त्या सवडीत रखडलेली कामं उरकली जातात. जयपूरच्या आग्रा रोडवरच्या ट्रान्सपोर्ट नगरवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. बुकिंगच्या कचेऱ्या, टायरवाले, बॉडीवाले, पाटे ठोकणारे, सगळं तिथे आहे. पण मी अडकलो तो फक्त गाड्यांचं तापणं बघणाऱ्या एका मिस्त्रींपाशी.

त्यांच्यासमोर धुळ्याची एक दहाचाकी उभी होती. टाटा २५१८, म्हणजे एकूण वजन पंचवीस टनांचं आणि ताकद १८० अश्वशक्तीच्या आसपास. इंजिन सहा सिलिंडरचं, ५.९ लिटरचं कमिन्स. टाटा आणि कमिन्स यांनी १९९३ साली जमशेदपूरसाठी भागीदारी केली, त्या घराण्यातलं. गाडीने बारा वर्षं ओलांडलेली. तक्रार काहीच नव्हती. तापमानाचा काटा मधोमध, गळती नाही, पाणी कमी होत नाही. आणि मिस्त्री ड्रायव्हरला सांगत होते की वॉटर पंप, पट्टा, वरचा-खालचा होज पाइप आणि थर्मोस्टॅट वॉल्व एकदमच बदलून टाक.

चालू असलेला भाग काढून टाकायचा, हे आपल्या मनाला पटत नाही. मलाही ते समजून घ्यायचं होतं. मिस्त्रींनी दुसऱ्या गाडीचा उतरवलेला होज उभा कापून दाखवला. बाहेरून रबर काळंभोर, धडधाकट. आत मात्र क्लिपच्या जवळ लांबीच्या दिशेने बारीक चिरा होत्या. होज सहसा आतूनच मरतो. गार इंजिनावर टोकाशी चिमटीत दाबला आणि मधल्यापेक्षा तिथे मऊ लागला, तर त्याचे दिवस भरले. पंपाची खूण वेगळी. त्याच्या पोटाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं, यासाठी. त्या भोकाखाली वाळलेल्या कूलंटचा रंगीत डाग दिसला, की पंपाने नोटीस दिली असं समजायचं.

आणि सगळे भाग एकदमच का, याचं उत्तर मजुरीत आहे. पंप काढायचा तर कूलंट सोडावंच लागतं, पट्टा उतरवावाच लागतो. तेवढ्यात होज आणि वॉल्व हाताशी येतात. आज नुसता पंप बदलला आणि दोन महिन्यांनी शिरपूरच्या पुढे बिजासन चढताना जुना होज फुटला, तर गाडी ओढून आणायचा खर्च, सडणारा कांदा आणि तापून वाकलेलं हेड हे सगळं त्या होजच्या किमतीपुढे प्रचंड असतं.

मला सगळ्यांत जास्त खिळवलं ते थर्मोस्टॅटने. मुठीत मावणारी ही वस्तू. तिच्या पितळी डबीत मेण असतं. मेण वितळताना फुगतं, दांडी ढकलतं, झडप उघडते. थंड झालं की स्प्रिंग ती मिटवते. वीज नाही, तार नाही. सर्जियस व्हर्ने यांनी १९३०च्या दशकात हा मेणाच्या झडपेचा प्रकार विकसित केला, आणि आजही लाखो इंजिनं त्याच्याच भरवशावर चालतात. मिस्त्रींनी या गाडीचा जुना वॉल्व दोऱ्याने चहावाल्याच्या पातेल्यात टांगला, शेजारी थर्मामीटर धरला. वॉल्ववर ८३ अंश कोरलेलं होतं. पाण्याने ऐंशी ओलांडले तरी झडप हलेना. नव्वदच्या पुढे ती एका बाजूने, तिरकी, जेमतेम नखभर उघडली. सपाट रस्त्यावर हे कधीच कळलं नसतं. घाटात, पूर्ण भरलेल्या गाडीला, मे महिन्यात ते कळलं असतं.

यावरचा सर्वांत रुळलेला आणि सर्वांत घातक उपाय म्हणजे वॉल्व काढून फेकून देणं. ‘गरम मुलुखात याची गरज काय?’ असं कितीतरी ड्रायव्हर मानतात. पण या इंजिनात वॉल्व उघडताना रेडिएटर टाळून जाणारी आडवाटही बंद करतो. वॉल्वच नसला तर ती वाट उघडीच राहते, थोडं गरम पाणी रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात जातं आणि भाराखाली गाडी उलट जास्त तापते. जयपूरच्या जानेवारीतल्या पहाटे तेच इंजिन तासभर थंड राहतं, डिझेल नीट जळत नाही, सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल धुतलं जातं. दोन्ही ऋतूंत नुकसानच. हा एक समज बदलला तरी पुष्कळ इंजिनं वाचतील, असं मला मनापासून वाटतं.

खरी अडचण यापुढे सुरू होते. पहिली पाण्याची. रामगढचा बांध आटल्यावर जयपूरची तहान बनास नदीवरच्या बिसलपूर धरणावर आली. जिथे ते पाणी नाही तिथे बोअरवेल. बोअरवेलचं पाणी जड. वाटेत गाडी तापली की ड्रायव्हर ढाब्यावरच्या नळाचं पाणी ओततो, आणि जुन्या तांब्याच्या बंबात बसतात तसे क्षार इंजिनाच्या आत बसतात. लोखंडाच्या मानाने हा थर उष्णता फारच कमी वाहून नेतो. काट्याला पाणी ठीक दिसतं, आणि धातू मात्र भाजत असतो. निम्मं कूलंट आणि निम्मं शुद्ध, क्षार काढलेलं पाणी हे मिश्रण साधारण १०८ अंशांना उकळतं, वर रेडिएटरच्या झाकणाचा दाब ती मर्यादा आणखी वाढवतो, आणि गंजही रोखला जातो. इथे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको, हा हिशेब म्हणूनच चुकीचा आहे.

दुसरी अडचण मालाची. खोक्यावर मोठ्या कंपनीचं नाव आणि आत भलताच पंप, हे देशभरच्या सुट्या भागांच्या बाजाराचं दुखणं आहे. चांगला जुना पंप काढून नकली नवा बसवला, तर आधीच बदलण्याचा सगळा अर्थ उलटा होतो. मिस्त्री नवीन वॉल्वही पातेल्यात तपासूनच बसवतात.

तिसरी अडचण पैशाची, आणि तिच्यापुढे बाकी सगळं ज्ञान हतबल होतं. जुनी गाडी बहुधा एका-दोन ट्रकच्या मालकाकडे असते. आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस, विमा, टायर, शिवाय बहुतेकदा कसला ना कसला हप्ता. फिटनेसला ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, धूर बघतात. होजच्या आतली चीर बघत नाहीत. जे कुणी विचारत नाही, ते खर्चाच्या यादीत शेवटी जातं. मालकाला यात दोष देता येत नाही. बिघडलेल्या भागावरचा खर्च टळत नाही, न बिघडलेल्या भागावरचा टाळता येतो, आणि हाती नगद कमी असली की माणूस टाळता येणारा खर्चच टाळतो.

ड्रायव्हरने धुळ्याला फोन लावला. मालक त्याचे काका होते.

“काका, मिस्त्री म्हणतात पंप, पाइप, वॉल्व सगळंच बदला.”

“पंप गळतोय का?”

“नाही. पण भोकाखाली डाग आहे.”

“मग गळेल तेव्हा बघू ना भाऊ. आताच टायर टाकलेत.”

ड्रायव्हरने पातेल्यातल्या वॉल्वची हकिगत सांगितली, बिजासनचं नाव काढलं. पलीकडे बराच वेळ भाव विचारून झाले. शेवटी वॉल्व, दोन्ही होज आणि कूलंट यांना होकार मिळाला. पंप राहिला. पट्टाही राहिला. मिस्त्रींनी वाद घातला नाही. त्यांनी डाग पुसून भोक कोरडं केलं आणि ड्रायव्हरला बजावलं, की कोटा, इंदूर आणि घाट उतरल्यावर, तीन ठिकाणी गाडी थांबवून तिथे बोट लावून बघ. ओलं लागलं तर धुळ्यात पोचल्याबरोबर पंप बदल, पुढचं भाडं घेऊ नकोस.