मैदान बालेवाडीचे, प्रश्न आपल्या उंबरठ्याचा

फिलिपाइन्सच्या मुलींना फुटबॉल विश्वचषकाचे दार पहिल्यांदा उघडले ते आपल्या पुण्यात, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ३० जानेवारी २०२२ चा तो दिवस. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत महिलांच्या आशिया चषकाची उपान्त्यपूर्व लढत चालू होती. समोर चायनीज तैपेईचा, म्हणजे तैवानचा संघ. सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि निकाल पेनल्टीवर लागला. शेवटची किक जाळ्यात गेली आणि फिलिपाइन्सच्या मुली रडत रडत एकमेकींच्या गळ्यात पडल्या. पुढच्या वर्षी याच मुलींनी विश्वचषकात यजमान न्यूझीलंडला त्यांच्याच घरी १-० असे हरवले.

त्याच दिवशी, त्याच मैदानावर, बलाढ्य ऑस्ट्रेलियाला दक्षिण कोरियाने शेवटच्या मिनिटांत एक गोल करून घरी पाठवले. उपान्त्य फेरीचे सामनेही बालेवाडीतच झाले. चीनने जपानला पेनल्टीवर हरवले. पुढे नवी मुंबईच्या अंतिम सामन्यात ०-२ अशा पिछाडीवरून येऊन कोरियावर ३-२ अशी मात केली आणि चषक नेला.

एवढे सगळे आपल्या शहरात घडत होते आणि कोंढव्यापासून कॅम्पापर्यंत आपल्या घरांत त्याची चर्चा जवळजवळ नव्हती. कोरोनाचे दिवस होते हे खरे. पण खरे सांगायचे, तर मुलींचा फुटबॉल आपल्या हिशेबातच नव्हता. आमच्याही नव्हता. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. व्याकरणाच्या चुका काढण्यात आमचा दिवस जातो. मुलींच्या फुटबॉलकडे आमचे लक्ष वळवले ते आमच्याच एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाने.

एक फोटो आणि एक प्रश्न

या स्पर्धेचा पहिला दिवस होता २० जानेवारी. नवी मुंबईत भारत आणि इराण यांचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. इराणच्या महिलांचा हा पहिलाच आशिया चषक. त्या रात्री वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नववीतल्या एका मुलीने इराणच्या खेळाडूंचा फोटो टाकला. पूर्ण बाह्या, पायभर कपडे, डोक्याला घट्ट बसणारा स्कार्फ. खाली एवढेच लिहिले होते, "टीचर, ये लोग स्कार्फ पहनके खेल सकते?"

त्या वेळी आम्ही "हो, बेटा" एवढे लिहून मोकळे झालो. मग आठवले. ही मुलगी सहावीपर्यंत मधल्या सुट्टीत चेंडूमागे धावायची. मुलांनाही तिच्या पायातून चेंडू काढता यायचा नाही. सातवीत गेल्यावर ती एकदम भिंतीला टेकून उभी राहू लागली. आम्ही तिच्या अम्मीला एकदा विचारले होते. त्या म्हणाल्या होत्या, "अब बडी हो गई ना वो, टीचर." आम्हीही मान डोलावली होती. दर वर्षी अशा पाच-सात मुली मैदानावरून भिंतीकडे सरकत आणि आम्ही हजेरी घेत राहू. हजेरीपटात त्या मुली कधीच गैरहजर नसत.

त्या प्रश्नाचे उत्तर नीट द्यावे म्हणून आम्ही वाचायला बसलो. जे हाती लागले ते आपल्या वाचकांपुढे ठेवतो.

उशिरा उघडलेले दार

पुरुषांचा पहिला विश्वचषक १९३० मध्ये उरुग्वेत झाला. तेरा संघ होते. महिलांचा पहिला अधिकृत विश्वचषक व्हायला १९९१ साल उजाडले. तो चीनमध्ये झाला, बारा संघ खेळले आणि अमेरिकेने तो जिंकला. मध्ये एकसष्ट वर्षे गेली.

एवढी वर्षे मुली खेळत नव्हत्या असे नाही. १९२० च्या डिसेंबरात इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात महिलांचा एक सामना पाहायला सुमारे त्रेपन्न हजार माणसे जमली होती. वर्षभरात, डिसेंबर १९२१ मध्ये, तिथल्या फुटबॉल संघटनेने ठरवून टाकले की हा खेळ बायकांसाठी योग्य नाही आणि आपल्या सदस्य क्लबांची मैदाने महिलांना बंद केली. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. तेव्हा "मुलींनी खेळू नये" हे फक्त आपल्याच मोहल्ल्यात बोलले जाते, असा न्यूनगंड बाळगायचे कारण नाही. जगभर हेच बोलले गेले आणि जगभर ते हळूहळू मागेही घेतले गेले.

आशियात महिलांची पहिली स्पर्धा १९७५ मध्ये हाँगकाँगला झाली. पुढे ती भारतात, केरळच्या कोळिकोडला भरली आणि भारताच्या मुली थेट अंतिम सामन्यात पोहोचल्या. १९८१ मध्ये तिसरा क्रमांक, १९८३ मध्ये पुन्हा उपविजेतेपद. त्या वर्षी शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. फुटबॉलसाठी तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. हे आपल्या पाठ्यपुस्तकात नाही, म्हणून आपल्या मुलींना ठाऊक नाही.

स्कार्फची सात वर्षे

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. स्कार्फ घालून खेळता येते का? आज येते. पण २००७ ते २०१४ ही सात वर्षे या प्रश्नाने कित्येक मुलींना मैदानाबाहेर ठेवले.

२००७ च्या फेब्रुवारीत कॅनडाच्या क्युबेक प्रांतात अकरा वर्षांच्या एका मुलीला रेफ्रींनी स्कार्फ काढ, नाहीतर बाहेर जा, असे सांगितले. ती बाहेर गेली आणि तिच्यासाठी तिचा अख्खा संघ स्पर्धेतून बाहेर पडला. प्रकरण खेळाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळापर्यंत गेले. मंडळाने रेफ्रींची बाजू उचलून धरली. पुढे गळ्याला इजा होण्याचा धोकाही कारण म्हणून सांगितला गेला.

जून २०११ मध्ये जॉर्डनची राजधानी अम्मान इथे इराणचा महिला संघ ऑलिंपिकच्या पात्रता सामन्यासाठी उतरला. पोशाख नियमात बसत नाही म्हणून सामना होऊच दिला नाही. मैदानावर रडणाऱ्या त्या खेळाडूंचा फोटो जगभर गेला.

मग काम सुरू झाले. जॉर्डनचे राजपुत्र अली बिन हुसैन त्या वेळी फिफाचे उपाध्यक्ष होते. त्यांनी हा विषय हाती घेतला. धोका गळ्याला आहे ना? मग गळ्याला फास बसणार नाही असा स्कार्फ तयार करू, असे ठरले. जुलै २०१२ मध्ये चाचणीपुरती परवानगी मिळाली. दोन वर्षांत इजेचे काही कारण पुढे आले नाही, तेव्हा मार्च २०१४ मध्ये कायमची परवानगी मिळाली. याच निर्णयाने शीख खेळाडूंच्या पगडीलाही जागा झाली. ज्या खेळाडू बाहेर राहिल्या, त्या ओरडून थांबल्या नाहीत आणि ज्यांनी बाजू मांडली त्यांनी आक्षेपाला उत्तर शोधून आणले, हे आम्हाला विशेष वाटले.

त्यानंतर २०१६ मध्ये जॉर्डननेच सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भरवला आणि त्यात मुली हिजाब घालून खेळल्या. ३० जुलै २०२३ रोजी ऑस्ट्रेलियातील ॲडलेडमध्ये मोरोक्कोची नुहैला बेन्झिना दक्षिण कोरियाविरुद्ध मैदानात उतरली. मुख्य महिला विश्वचषकात हिजाब घालून खेळणारी ती पहिली. मोरोक्कोने सामना १-० असा जिंकला आणि पहिल्याच प्रयत्नात पुढची फेरी गाठली. सगळीकडे दार उघडे आहे असे मात्र नाही. फ्रान्सच्या फुटबॉल संघटनेने आपल्या स्पर्धांत बंदी कायम ठेवली आहे. पण आपल्या देशात, आपल्या शहरात खेळाच्या नियमाची आडकाठी नाही. मग आडकाठी कुठे आहे?

खेळ आपल्याला परका नाही

आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ पासूनची. पहिली कित्येक वर्षे ती गोऱ्या पलटणीच जिंकत. १९३७ मध्ये ती जिंकणारा पहिला भारतीय संघ होता बंगलोर मुस्लिम्स. १९४० मध्ये कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगने ती जिंकली. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी तो चषक नेला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत भारताला सुवर्णपदक मिळाले, ते याच रहीमसाबांच्या मार्गदर्शनाखाली. पेशाने ते शाळेत शिक्षक होते, हे आम्ही थोड्या अभिमानाने सांगतो.

मुलांच्या बाबतीत हा वारसा आपण मिरवतो. मुलींच्या बाबतीत आपल्याला एकदम दीन आठवतो. तेव्हा हेही आठवावे, की प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याची नोंद हदीसमध्ये आहे. एकदा त्या पुढे गेल्या, नंतर एकदा प्रेषित (स.). पडद्याची, हयेची मर्यादा आपल्या जागी आहेच. ती सांभाळून धावता येते, हे त्या शर्यतीतूनही दिसते.

आपल्या राज्यातले उदाहरण हवे असेल तर ठाण्याजवळच्या मुंब्र्याकडे पाहा. तिथे 'परचम' या संस्थेने मुलींचे फुटबॉल सुरू केले. मैदानावर कायम मुलांचाच कब्जा. मुलींनी घरोघरी जाऊन सह्या गोळा केल्या आणि मुलींसाठी मैदानाची राखीव जागा मागून घेतली. बुरखा घालून मैदानापर्यंत येणाऱ्या आणि मग बूट चढवणाऱ्या त्या मुलींच्या आयांनी आधी नाहीच म्हटले असेल. पण विचारल्याशिवाय होकार तरी कुठून येणार?

आमच्या शाळेत काय झाले

शाळा पुन्हा भरू लागल्यावर आम्ही पालकसभा घेतली. भाषण केले नाही. पालकांना एकच विचारले, "मुलीने खेळू नये असे तुम्हाला का वाटते?" उत्तरे ऐकून आम्हीच खजील झालो. दीनाचे नाव फार थोड्यांनी काढले. कोणी म्हणाले, मैदानावर मोठी मुले उभी असतात. कोणी म्हणाले, शिकवायला बाई नाही. कोणाला संध्याकाळी एकटीने परत येण्याची काळजी. एका अम्मीने हळूच विचारले, "कपडे कैसे रहेंगे?" यातले एकही कारण न सुटणारे नव्हते. ती सोडवणे आमचे काम होते आणि आम्ही ते कधी हाती घेतलेच नव्हते.

वेळ सकाळची ठरली, शाळा भरण्याआधीची. एक शिक्षिका कायम मैदानावर. घरी सोडायला दोन पालक आळीपाळीने. कपड्यांचा प्रश्न शिवणकाम करणाऱ्या एका आईने सोडवला. टी-शर्टचे ताणले जाणारे कापड, डोक्याला घट्ट, हनुवटीखाली सपाट, टाचणी नाही, गाठ नाही, सुटे टोक नाही. स्पर्धेत मुलींना पाठवू इच्छिणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवावे. नियमाप्रमाणे स्कार्फ काळा किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचा हवा, जर्सीला जोडलेला नको आणि कोणाला लागेल असे त्यात काही नको. टाचणी लावलेला स्कार्फ रेफ्री थांबवतील आणि ते बरोबरच करतील. पूर्ण बाह्यांचा आतला शर्ट आणि शॉर्ट्सखाली लांब टाइट्स घालून खेळता येते.

पहिल्या दिवशी नऊ मुली आल्या. आता बावीस आहेत. त्यांतल्या सगळ्या काही मोठ्या खेळाडू होणार नाहीत. पण जुलै २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी थायलंडला थायलंडमध्येच २-१ असे हरवून २०२६ च्या आशिया चषकाचे तिकीट काढले, तेव्हा त्या बावीस जणींनी बातमी आम्हाला सांगितली, आम्ही त्यांना नाही. २०२२ मध्ये याच भारतीय संघाला घरच्या मैदानावर कोरोनामुळे तेरा खेळाडूही उभ्या करता आल्या नव्हत्या आणि स्पर्धा सोडावी लागली होती, हेही त्यांना पाठ आहे.

आणि तो फोटो पाठवणारी मुलगी? ती त्या नऊ जणींत नव्हती. दहावीचे वर्ष समोर होते, घरात नकार पक्का झाला होता आणि तीन वर्षांत पायाची सवयही गेली होती. आता ती कॉलेजात शिकते. मागच्या महिन्यात सकाळी ती धाकट्या बहिणीला सोडायला मैदानावर आली. बराच वेळ रेषेबाहेर उभी होती. चेंडू तिच्याकडे घरंगळत आला तेव्हा तिने चप्पल काढली आणि एका फटक्यात तो नेमका बहिणीच्या पायाशी पाठवला. मग घड्याळ पाहिले आणि निघून गेली.

तिला आम्ही सातवीतच विचारायला हवे होते. तिच्या अम्मीला, अब्बांना विचारायला हवे होते. आम्ही फक्त मान डोलावली. आपल्या घरात सातवीतली मुलगी असेल, तर आज जेवताना तिला एवढेच विचारा की मधल्या सुट्टीत ती काय करते. भिंतीला टेकून उभी राहते असे म्हणाली, तर पुढचा प्रश्न तिला नको, स्वतःला विचारा. मैदान, वेळ, कपडे, सोबत, यांतले जे कमी असेल ते आपण मिळून उभे करू, इन्शाअल्लाह.