रानात जा, पण पाणी बरोबर घेऊन!

सुट्या जवळ आल्या की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. “डॉक्टर, पोरांना घेऊन पालला जायचं म्हणतोय, आईला नेलं तर चालेल ना?” माझे उत्तर असते, “जरूर न्या, पण आधी दहा मिनिटे बसून सहलीचा विचार करा.”

आपण खान्देशातले लोक निसर्ग पाहायला महाबळेश्वर, माथेरानला जातो. पण उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळ्याचे डोंगर आपल्या दाराशीच आहेत. रावेर तालुक्यातील पाल हे यावल अभयारण्यात येते. हे अभयारण्य १९६९ पासूनचे. चाळीसगावजवळची पाटणादेवी १९८६ साली जाहीर झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या कुशीत आहे. धुळेकरांना लळिंगचा किल्ला आहे, शिरपूरकडे अनेर धरण आहे. हातनूर धरणावर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. यातल्या बहुतेक ठिकाणी सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतता येते.

रानात फिरण्याने प्रकृतीला फायदा होतो, हे आता पाहणीतूनही दिसते. इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांची एक पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. आठवड्यातून किमान दोन तास झाडाझुडपांत, मोकळ्या निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. मात्र इंग्लंडचे ऊन आणि आपले ऊन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मी स्वतः चांगलेच शिकलो आहे.

काही वर्षांपूर्वी मार्चअखेर आम्ही तीन मित्र सहकुटुंब पाटणादेवीला गेलो. पोहे-चहा होऊन निघायलाच नऊ वाजले. चंडिकादेवीचे दर्शन झाले तेव्हा ऊन चांगलेच तापले होते. तरी ‘आलोच आहोत तर’ म्हणून कन्हेरगडाच्या वाटेला लागलो. माणसे आठ आणि पाण्याच्या बाटल्या दोन! आमच्यातले गुरुजी साठी ओलांडलेले, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारे. उतरताना त्यांच्या पायात गोळे आले, चक्कर आली, उलटी झाली. रक्तदाब ९० वर आलेला. माझ्या बॅगेत रक्तदाबाचे यंत्र होते, इंजेक्शने होती. पण पाणी, मीठ, साखर काहीच नव्हते. एका गुराखीदादांनी आपला पाण्याचा डबा पुढे केला. गुरुजींना सावलीत आडवे करून, पाय उंच ठेवून घोट घोट पाणी पाजले. मुलगा खालून मीठ-साखर घेऊन आला. दोन तासांनी गुरुजी उठून बसले. त्यांना उन्हात चढवणारा डॉक्टर मीच होतो, हे मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून मी तीन गोष्टी ठरवल्याशिवाय निघत नाही : वेळ, पाणी आणि जवळचा दवाखाना.

वेळ : आपल्याकडे ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा डोंगर चढू नये. इतर दिवसांतही पहाटे निघावे, अकराच्या आत चढण संपवावी. पावसाळ्यात धबधब्याखाली उतरू नये. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही नाल्याला पूर येतो.

पाणी : माणशी किमान तीन लिटर घ्या. बरोबर क्षार-साखरेच्या पुड्या ठेवा. एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घालावी. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. डब्यात दशम्या, चटणी, केळी उत्तम. ती केळी माकडांना मात्र देऊ नका. माकड चावले तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवून रेबीजची लस घ्यावी लागते. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात समजा. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा. बेशुद्ध माणसाला तोंडाने काही देऊ नका.

दवाखाना : जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते, तिथे सर्पदंशाची लस आहे का, हे निघण्यापूर्वीच विचारा. डोंगरात फोन लागेलच असे नाही. म्हणून कुठे जातो व केव्हा परतणार हे घरी सांगून जा. साप चावला तर कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. जोडवी, अंगठ्या काढा, पाय काठीला बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालू न देता उचलून न्या. १०८ वर गाडी मागवा. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

मधुमेहाच्या रुग्णांनी जेवणाची वेळ चुकवू नये, खिशात साखर ठेवावी, अनवाणी चालू नये. चोपडा तालुक्यातील उनपदेवच्या गरम झऱ्यात पाय सोडण्यापूर्वी दुसऱ्या कुणाला पाणी पाहायला सांगा. तुमच्या बधिर पायांना चटका कळणार नाही. रक्तदाबाच्या गोळ्या मनाने बंद करू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा.

आणखी एक. सहलीनंतर तीन आठवड्यांत ताप आला तर ‘रानात गेलो होतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. गवतातल्या अगदी बारीक किड्याच्या चावण्याने ‘स्क्रब टायफस’ नावाचा ताप येतो. काखेत, कमरेला काळी खपली दिसू शकते. वेळेवर औषध मिळाले तर तो बरा होतो.

गुरुजी आजही आमच्याबरोबर येतात. आता पहाटे साडेपाचला तेच दार वाजवतात आणि पहिला प्रश्न करतात, “डॉक्टर, पाणी घेतलं का?” तुम्हीही निघण्यापूर्वी हा प्रश्न एकमेकांना विचारा. आणि येताना रिकाम्या बाटल्या रानात न टाकता घरी आणा.