चारना तीन

सुरतेत उधन्याच्या बाजूला सकाळी सातच्या सुमारास लूमची रात्रपाळी सुटते. बारा तास मागांच्या खडखडाटात उभी असलेली माणसं तो आवाज कानांत घेऊनच रस्त्यावर येतात आणि समोर दिसेल त्या गाडीशी थांबतात. जानेवारीत तिथे चहाच्या शेजारी एक दाट, तपकिरी अर्क गरम पाण्यात ढवळून देतात. आलं, लसूण, लिंबू, सफरचंदाचं व्हिनेगर आणि मध, वरून संचळ आणि मिरपूड. पहिल्या घोटाला पिणाऱ्याचे डोळे मिटतात, दुसऱ्या घोटाला खांदे सैल होतात. हे पेय मला मनापासून आवडलं. खटकलं ते अर्काच्या बाटलीवरचं लेबल. त्यावर लाल हृदय छापलं होतं आणि त्याखाली बंद नसा मोकळ्या करण्याचं आश्वासन. ही बाटली कुणाच्या हातची आहे ते पाहायला मी डिंडोलीला गेले.

डिंडोली, लिंबायत, नवागाम, उधना हा सुरतेचा खानदेशी पट्टा. ताप्ती लाइनच्या गाड्यांनी नंदुरबार, अमळनेर, जळगावकडची माणसं इथे आली, लूमवर आणि डाइंग मिलमध्ये लागली आणि इथलीच झाली. उंबऱ्याच्या आत अहिराणी, बाजारात गुजराती. मला घर विचारत फिरावं लागलं नाही. गल्लीच्या तोंडाशीच वास आला. उकळणारं व्हिनेगर नाकाच्या आधी डोळ्यांना लागतं. त्यात लसूण असला की घशालाही. त्या वाफेच्या मागे मावशी उभ्या होत्या. पन्नाशीच्या, पदर नाकावरून घट्ट बांधलेला. माहेर शिंदखेड्याकडचं, नवरा पांडेसऱ्याला एका प्रोसेस हाउसात स्टेंटरवर, म्हणजे कापड ताणून वाळवणाऱ्या यंत्रावर.

"दारातच थांबा ताई, पहिली वाफ जाऊ द्या," त्या म्हणाल्या. स्वतः मात्र शेगडीपासून हलल्या नाहीत.

आलं धुणं, खरवडणं, वाटणं, लिंबं पिळणं ही कामं पहाटेच उरकलेली असतात. खरा वेळ खातो तो लसूण. सरदार मार्केटमधून पोत्याने येणारा लसूण गल्लीतल्या बायका दुपारी मांडीवर सुपं घेऊन सोलतात. सोललेल्या पाकळ्या वाटल्या तरी रस सहज सुटत नाही. लगदा मलमलच्या फडक्यात बांधून दोघींनी दोन टोकांनी पिळावा लागतो. चिकट, पिवळसर धार येते. मावशींच्या बोटांची सालं निघालेली होती. रात्री त्या हाताला तूप लावतात आणि तरीही पोळ्या लाटताना बोटं चुरचुरतात, हे त्यांनी मी विचारल्यावरच सांगितलं. बाटलीच्या किमतीत या बोटांचा हिशेब कुठे धरलेला असतो, हा प्रश्न तिथून निघाल्यावरही माझ्या डोक्यातून गेला नाही.

पातेलं स्टीलचं, जाड बुडाचं. सासूबाईंचं पितळी पातेलं माळ्यावर आहे, पण आंबट पदार्थ पितळेत कळकतो. ॲल्युमिनियमलाही आम्ल खातं. व्हिनेगरची बाटली त्या आधी उलटीकडून वाचतात. ॲसेटिक ॲसिडमध्ये पाणी घालून केलेल्या स्वस्त व्हिनेगरवर 'सिंथेटिक' असं छापणं बंधनकारक आहे, आणि तसं दिसलं की ती बाटली परत जाते. मग प्रत्येकी एक माप: आल्याचा रस, लसणाचा रस, लिंबाचा रस, व्हिनेगर. चार मापं पातेल्यात पडली की मंद आच.

आता सगळी मदार एका लाकडी डावावर. त्याच्या दांड्यावर दोन दोरे बांधलेले आहेत, एक वर आणि एक खाली. मावशी डाव सरळ बुडवतात, बाहेर काढतात, ओल कुठवर आली ते बघतात आणि पुन्हा ढवळू लागतात. वरच्या दोऱ्यापासून खालच्या दोऱ्यापर्यंत यायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ जातो. "चारना तीन," त्या म्हणाल्या. "एवढंच ध्यानात ठेवायचं. आधी उतरवलं तर पाणचट, उशीर झाला तर घसा धरतं. चारना तीन." नंतर सून आली, तिलाही त्यांनी तेच विचारलं: "चारना तीन व्हयनात का?"

या हिशेबात तथ्य आहे. ॲसेटिक आम्ल ११८ अंशांना उकळतं, पाणी १००ला. त्यामुळे आटताना जास्त करून पाणी जातं आणि आंबटपणा मागे राहून दाटतो. डोळ्यांत पाणी आणायला वाफेबरोबर निघालेलं थोडंसं आम्ल पुरेसं होतं. आचेवर लसणाचा कच्चा उग्रपणा मोडतो. आल्यातल्या जिंजेरॉलचा काही भाग शोगाओलमध्ये बदलतो, आणि शोगाओल जास्त तिखट असतं. सुंठ ताज्या आल्याहून झणझणीत लागते तीही याचमुळे. मावशींना ही नावं ठाऊक नाहीत, त्यांना चव ठाऊक आहे. थेंब तळहातावर घेऊन चाटल्याशिवाय त्या गॅस बंद करत नाहीत.

पातेलं उतरलं की ते हाताला कोमट लागेपर्यंत झाकून ठेवायचं आणि मगच मध घालायचा. मध तापवायचा नाही, हा आपल्या घराघरांतला नियम इथेही पाळला जातो. आटून उरलेल्या तीन मापांत तीन मापं मध.

ही कृती मावशींकडे फोनवर आली. एक-एक कप चार रस, चाराचे तीन, तीन कप मध, रोज सकाळी एक चमचा आणि शस्त्रक्रिया टळली म्हणून समजा, असा तो निरोप देशभर वर्षानुवर्षं फिरतो आहे. वाचकांपैकी अनेकांच्या कुटुंबाच्या गटातही तो येऊन गेला असेल. अमेरिकेत याचं एक भावंड आहे, 'फायर सायडर'. सफरचंदाच्या व्हिनेगरमध्ये आलं, लसूण, कांदा, मिरची आणि हॉर्सरॅडिश हा मुळ्याच्या कुळातला झोंबणारा कंद न उकळता मुरवत ठेवतात, मग गाळून मध घालतात. रोझमेरी ग्लॅडस्टार या वनौषधी शिकवणाऱ्या बाईंनी ते कॅलिफोर्नियात रुजवलं. पुढे एका कंपनीने त्या नावाचा ट्रेडमार्क घेतला, जडीबुटीवाले कोर्टात झगडले, आणि २०१९मध्ये हे नाव सर्वांचं आहे असा निकाल लागला. तिकडचे लोक हा अर्क टोमॅटोच्या रसात, गरम पाण्यात, व्हिस्कीत घालून पितात.

सुरतेला अशी मिश्रणं नवी नाहीत. मांदेल्सलो हा जर्मन प्रवासी १६३८मध्ये इथे इंग्रजांच्या वखारीत उतरला होता. तिथले व्यापारी मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर एकत्र करून पीत, असं त्याने लिहून ठेवलं. जगभर गेलेल्या 'पंच' या पेयाच्या सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक. आज गुजरातेत दारूबंदी आहे, त्यामुळे आंबट, तिखट आणि गोड यांचा मेळ घालायचं कसब सोड्याच्या गाड्यांवर गेलं आहे.

मावशींच्या बाटल्या जिथे जातात, त्यातली एक गाडी धुळ्याकडच्या एका तरुणाची. सकाळी तो गरम पेय देतो: दोन चमचे अर्क, दीडशे मिलिलिटर गरम पाणी, चिमूट संचळ, मिरपूड. पाणी उकळतं घेत नाही, कारण मग आंबट वाफ नाकात जाऊन गिऱ्हाईक खोकतं. संध्याकाळी बर्फ आणि सोडा येतो. ग्लासाची कड लिंबाने ओली करून तिखट-मिठात फिरवायची, पेरूचा गर, एक चमचा अर्क, उभी चिरलेली हिरवी मिरची, मग सोडा. उसाच्या रसात अर्ध्या चमच्याहून जास्त घालायचा नाही, नाहीतर उसाची चव मरते. टोमॅटोच्या रसात मात्र दोन चमचे, भाजलेलं जिरं आणि भरपूर मिरपूड. हा शेवटचा ग्लास मी चाखलेल्यांत सर्वांत उत्तम. जिभेवर आंबट, मग गोड, आणि गिळल्यावर छातीत हळूहळू पसरणारी ऊब.

ही ऊब म्हणजे नुसता भास नाही. उष्णता ओळखणारी टीआरपीव्ही१ नावाची एक ग्राही जागा आपल्या मज्जातंतूंवर असते. मिरचीतलं कॅप्सेसिन, मिरीतलं पायपरिन, आल्यातलं तिखट आणि आम्ल, चारही तिला जागवतात. ती शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१च्या वैद्यकाच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. चारही गोष्टी एका ग्लासात आल्या की शरीराला भट्टीजवळ बसल्यासारखं वाटतं. रात्रभर उभ्या राहिलेल्या माणसाला तेवढं सुख मिळालं, तर त्या पेयाचं काम झालं.

पण लेबल त्यावर थांबत नाही. मी मावशींना विचारलं, तुम्ही हे नस उघडायला देता का? त्यांनी डाव बाजूला ठेवला. "मी कोणाला असं सांगत नाही ताई. मी थंडीसाठी, तोंडाला चव यावी म्हणून देते. ते कागद दुकानदार चिकटवतो. कागद काढला तर माल निम्म्या भावात मागतो." हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र राग आला. लसूण सोलणाऱ्या बोटांना, वाफेत उभं राहणाऱ्या डोळ्यांना आणि चवीच्या जाणकारीला बाजारात किंमत नाही. खोट्या आश्वासनाला आहे.

आश्वासन खोटंच आहे. हृदयाच्या धमनीतला अडथळा नळात साचलेला क्षार नव्हे. तो धमनीच्या भिंतीत, अस्तराखाली, चरबी, पेशी आणि कॅल्शियम मिळून तयार होतो. आपल्या जठरातलं आम्ल व्हिनेगरहून कितीतरी तीव्र असतं, आणि रक्ताचा पीएच शरीर ७.३५ ते ७.४५च्या पलीकडे जाऊ देत नाही. चमचाभर आंबट रस तिथवर आम्ल म्हणून पोचतच नाही. व्हिनेगरने जेवणानंतरची रक्तशर्करा थोडी कमी वाढते असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. त्याहून मोठे दावे टिकत नाहीत. सफरचंदाच्या व्हिनेगरने वजन उतरतं म्हणून २०२४मध्ये गाजलेला लेबनॉनमधला अभ्यास तो छापणाऱ्या नियतकालिकानेच २०२५मध्ये मागे घेतला. आणि धमन्या कठीण होण्याच्या विकारावर, हृदयरोगावर, मधुमेहावर इलाज असल्याची जाहिरात करायला १९५४च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने मनाई आहे.

मधुमेहाचं नाव घेतलं म्हणून पुन्हा मावशींच्या मापाकडे वळते. चारना तीन, आणि त्या तिनात तीन मध. म्हणजे बाटली निम्मी मधाची. पंधरा मिलिलिटरच्या एका चमच्यात सुमारे ८ ग्रॅम साखर जाते. ते लाल हृदयाचं लेबल वाचून बाटली घेणाऱ्यांत मधुमेहीही असणारच. पेय म्हणून घेणाऱ्याने ही साखर हिशेबात धरली तर बिघडत नाही. औषध म्हणून घेणारा ती हिशेबात धरत नाही, कधी त्या भरवशावर गोळीही सोडतो. धोका तिथे आहे.

मला आणखी एक सुचवावंसं वाटतं. सुरतेच्या आसपास सफरचंद पिकत नाही, ऊस पिकतो. इथून तीसेक किलोमीटरवर नवसारीत कोलाह यांची पेढी १८८५पासून पारशी स्वयंपाकातला उसाचा सरको, म्हणजे उसाचं व्हिनेगर, विकते आहे. मावशींनी एकदा तशा उसाच्या सिरक्यात हाच अर्क करून पाहिला होता. त्याची उरलेली बाटली त्यांनी मला चाखवली. चव जास्त गोलसर होती, आणि आल्याशी त्याची जोडी फार छान जमली होती. सफरचंदाचा मान केवळ त्या फिरत्या निरोपामुळे आहे. डोंगरातलं फळ आणि आजाराची भीती, दोन्ही बाजूला ठेवून दक्षिण गुजरातचं हिवाळी पेय म्हणून हा अर्क स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो.

तेव्हा वाचकांना माझं सांगणं सरळ आहे. हे घरी जरूर करा. स्टीलचं पातेलं घ्या, चाराचे तीन करा, मध शेवटी घाला, बाटली फ्रीजमध्ये ठेवा. नुसतं पिऊ नका, दातांचं आवरण झिजतं. नेहमी पाण्यात किंवा रसात घ्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मधामुळे देऊ नका. पित्ताचा त्रास असेल, मधुमेहाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. कुणा बाईच्या हातची बाटली विकत घेतलीत, तर चवीचे आणि कष्टाचे पूर्ण पैसे द्या. हृदय छापलेला कागद मागू नका. आणि छातीत दुखलं, घाम फुटला, डावा हात भरून आला तर चमचा शोधत बसू नका. गुजरातेत असा किंवा महाराष्ट्रात, १०८ला फोन करा.