एक की काढायची तर…

कोणी नोकरी सोडली, की सर्व्हर सांभाळणाऱ्यांपुढे पहिला प्रश्न येतो: त्याची की कुठकुठल्या मशिनवर आहे?

हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरले जात असल्याचं उघड झालं, तेव्हा तिथल्या तातू युलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच हे सुरक्षित जोडणीचं साधन लिहिलं. आज आम्ही दूरच्या सर्व्हरवर शिरतो ते त्याच वाटेने. त्यासाठीची की जोडीने असते. प्रायव्हेट की प्रत्येकाच्या लॅपटॉपवरच राहते. पब्लिक की सर्व्हरवरच्या ‘ऑथराइज्ड कीज’ या फाइलमध्ये जाते, एका ओळीत एक. ती कोणी पाहिली तरी बिघडत नाही. धोका असतो तो नको ती ओळ त्या फाइलमध्ये राहून जाण्याचा. ओळीच्या शेवटी नाव लिहिलेलं असतं, पण ते कोणालाही बदलता येतं. खरी ओळख पटते ती फिंगरप्रिंटवरून.

दोनचार सर्व्हर असतील तर हे हाताने जमतं. संख्या वाढली, की आम्ही ॲन्सिबलकडे वळतो; अनेक सर्व्हरवर एकच काम एकदम करून देणारं हे साधन. सगळ्यांच्या पब्लिक की एका गिट रिपॉझिटरीत ठेवायच्या, कोणाला कुठे प्रवेश याची यादी शेजारी, आणि प्लेबुक, म्हणजे ॲन्सिबलला दिलेली कामांची यादी, चालवायचं. ओळ आधीच असेल तर हिरवं ‘ओके’, बदल झाला तर पिवळं ‘चेंज्ड’. तेच प्लेबुक पुन्हा चालवलं तर सगळं हिरवं दिसायला हवं.

इथेच बारकाईने पाहावं लागतं. ॲन्सिबलचं की घालणारं मॉड्यूल एरवी फक्त सांगितलेली की घालतं, बाकीच्यांना हात लावत नाही. म्हणजे यादीतून नाव खोडलं तरी सर्व्हरवरची ओळ तशीच राहते. त्यासाठी ‘एक्सक्लुझिव्ह’ हा पर्याय आहे: दिलेल्या की ठेवायच्या, बाकी सगळ्या काढायच्या. पण हा पर्याय लूपमध्ये वापरला, तर प्रत्येक फेरी आधीच्या फेरीची की पुसते आणि शेवटची एकच उरते. म्हणून सगळ्या की एकत्र जोडून एकदमच द्याव्या लागतात. आधी ‘चेक’ आणि ‘डिफ’ लावून काय जाणार, काय राहणार ते वाचायचं, एक सेशन उघडं ठेवायचं आणि मगच खरा बदल करायचा. शेवटी ‘अनरीचेबल’ आलेल्या मशिनची नावं टिपून घ्यायची, कारण त्यांच्यावर जुनी की अजून जिवंत असते.

की कुठे आहेत हे माहीत नसण्याची किंमत २००८ मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीतल्या चुकीने दाखवून दिली. २००६ साली तिच्या ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या पॅकेजमध्ये झालेल्या एका बदलामुळे की बनवताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ संपली होती. एका प्रकारच्या, एका लांबीच्या कीसाठी जेमतेम ३२ हजारांच्या आसपास शक्यता उरल्या. अशा कमकुवत की दुसऱ्या लिनक्सच्या सर्व्हरवरही पोहोचलेल्या होत्या, कारण पब्लिक की माणसाबरोबर फिरते. त्या एकूण एक शोधून बदलाव्या लागल्या. कोणाची की कुठे आहे याची नोंद ज्याच्याकडे असेल, त्यालाच असं काम वेळेत उरकता येतं.

म्हणून सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला आग्रहाने सांगावंसं वाटतं: आपल्या मशिनवरची ‘ऑथराइज्ड कीज’ फाइल आज उघडा. प्रत्येक ओळ कोणाची आणि कशासाठी, हे विचारा. जिचा धनी सापडत नाही, ती चौकशी करून काढून टाका आणि उरलेली यादी गिटमध्ये आणा.