संशय आणि शहानिशा

बेंगळुरूजवळच्या येलहंका येथील बाजारात दोघे कानडीत बोलता बोलता हसले, की नवख्या मराठी माणसाला वाटते, ही मंडळी आपल्यालाच हसत आहेत. याला वेड म्हणता येणार नाही. दुसऱ्याच्या मनातील हेतू ताडण्याची शक्ती प्रत्येकापाशी असते; परंतु भाषा वा ओळख अपुरी पडली, की उरलेली जागा भय भरून काढते. असा सौम्य संशय निरोगी माणसांतही आढळतो. तोच जमावात शिरला की घातक ठरतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी हिंडणाऱ्या पाच नाथपंथी डवरी गोसाव्यांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. शंका येणे स्वाभाविक आहे. तिची शहानिशा करण्याची सवय मात्र प्रयत्नाने लावून घ्यावी लागते.